बाहेरचा पट्टा

३ फेब्रुवारी

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

या शर्यतीत जिंकतं कोण, असं कुणी बागेबद्दल विचारलं तर काय सांगायचं? काल आमच्या बागखात्याच्या साहेबांनी विचारलं.

फुलांच्या प्रदर्शनातली माझी पहिली बाग उभी राहिली, आप्पा. तुमच्या मैदानाचं एक वळण जसंच्या तसं उचललंय. धावायचे सहा पट्टे म्हणजे सहा वाफे, प्रत्येकाचा रंग वेगळा, मधल्या रेघा पांढऱ्या खड्यांच्या. वारा आला की सगळी फुलं एकदम पळत सुटतात आणि जागची हलत नाहीत. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसते. कुणावर अन्याय नको म्हणून सगळे वाफे एकाच रेघेवरून सुरू केलेत, शेवटही एकाच रेघेवर. नकाशा सोबत आहे. ‘लोकांना चुना लावलास’ म्हणू नका.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढला तरी चालेल.
तुमची मुंगी

७ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

आईनं नकाशा उलटा धरून टोपली छान काढलीय म्हणून सांगितलं. मी सुलटा केला आणि कपाळाला हात लावला. अगं, वळणावर सगळ्यांना एका रेघेवर उभं केलंस? आतल्याचं वळण छोटं, बाहेरच्याचं मोठं. म्हणून बाहेरच्याला पुढे उभं करतात. एकतीस वर्षं मैदानावर चुन्याची फक्की मारतोय, दर वर्षी कुणीतरी ओरडतंच, याला पुढे का सोडलं? तुला शिकायला धाडलं तेव्हा तुझा काकाही असाच ओरडला होता, पोरीलाच पुढे का? मी म्हटलं, तिचं वळण मोठं आहे.

पदवीधर बाईंची चूक काढली, रागावू नकोस. आहे तशी ठेवलीस तरी कुणाला कळणार नाही. फक्की मात्र झाडांजवळ नको, मुळं जळतात.

आईचा आणि माझा जीव तिकडेच आहे.
तुझे आप्पा

१२ फेब्रुवारी

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

परवा तुमचं पत्र साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, वडिलांचं बरोबर आहे, पण परीक्षक फुलं बघतात, वळणं मोजत नाहीत. भरलेले वाफे उकरून माती उघडी टाकलीस आणि गुण गेले, तर पुढच्या वर्षी पुन्हा दुसऱ्यांच्या बागांना पाणी घालशील. मी मान हलवली आणि कालचा सगळा दिवस बाहेरच्या जांभळ्या वाफ्यापाशी बसून राहिले. सगळ्यात लांब पळत होता बिचारा, आणि मी मात्र न्याय केल्याच्या तोऱ्यात!

जिंकतं कोण, ते अजूनही सांगता येत नाही. पण जांभळ्याला पुढे का सोडलं असं कुणी विचारलं, तर ते मला येतं.

परीक्षक आज अकराला येतील. सकाळीच दोरी धरून पाच वाफ्यांच्या सुरुवाती मी पुढे सरकवल्या, जांभळ्याची सगळ्यात पुढे. मागची रोपं काढून उघडी पडलेली माती तुम्ही मैदान करता तशी सपाट करून, पाणी मारून मोकळी ठेवलीय.

आशीर्वाद असू द्या, काकांनाही सांगा.
तुमची मुंगी