मागच्या बाकावरची जागा

मी, शांतवन यशवंत पारखे, वय ५६, धंदा टूलरूम फिटर, राहणार कुरुळी, तालुका खेड, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. तरी कोणाला शंका असेल तर त्याने मंगळवारी आमच्याकडे चहाला यावे आणि माझ्याशी वाद घालून पाहावा.

पुढच्या आठवड्यात पिंपरीच्या दवाखान्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. मी बरा होऊन घरी येणार याची मला खात्री आहे. पण मशीन उघडण्याआधी तिची सेटिंग लिहून ठेवायची, ही माझी कायमची सवय.

शेजारचे ज्योतीराम आज विचारत होते, "पारखे, ह्याला वकील न्हाई का केला?" मी म्हटले, "वकिलाला आमची ख्रिस्ती मंडळी समजावून सांगण्यापेक्षा मी कायदा वाचला, ते सोपे पडले." मी सातवीपर्यंत शिकलो. ड्रॉइंग वाचणे, हार्मोनियम आणि पवित्र शास्त्र हे सगळे पुढे स्वतःच शिकलो. त्यामुळे यातला शब्द न् शब्द विचार करून लिहिला आहे, हे वारसांनी ध्यानात घ्यावे.

कलम १. कुरुळीतील राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते पत्नी प्रभावती हिच्या हयातीत तिचे आणि तिच्यामागे मुलगा आमोस याचे. बँकेतील शिल्लक संपूर्ण प्रभावतीची. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. आमोसला "गप बस" म्हणणारे आणि त्याने ऐकावे असे माणूस घरात तेवढे एकच आहे.

कलम २. माझा मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि हत्यारांची पेटी समाधान कांबळे यास द्यावी. तो लातूरकडचा, प्रेस शॉपमध्ये आहे आणि आमच्या मंडळीत सर्वांत नवा. मायक्रोमीटर तेल पुसून डबीत ठेवावा. उघडा ठेवलेला दिसला तर प्रभावतीने तो परत घ्यावा.

कलम ३. मंडळीचे वडील, म्हणजे ज्येष्ठ कारभारी, श्री. विल्यमराव साळवे यांना माझे मनगटी घड्याळ द्यावे. प्रार्थना करताना त्यांनी ते समोर ठेवावे.

कलम ४. घरामागचा पत्र्याचा हॉल, बाक, हार्मोनियम आणि माईकसह, मी मंडळीच्या ट्रस्टला देत आहे. यावर आमोसने उजर करू नये. मात्र या देण्याला अट आहे, आणि ती कशी आली हे लिहिल्याशिवाय ती कोणी पाळणार नाही.

आमचे आधीचे पाळक चांगले गृहस्थ होते. वचन तेच सांगत, गायन तेच करत, आजाऱ्यांकडे तेच जात, कपाटाची किल्लीही त्यांच्याच खिशात. ते अचानक वारले. पुढच्या रविवारी आम्ही सगळे येऊन बसलो आणि एकमेकांकडे बघत राहिलो. प्रभुभोजनाचे प्याले कुलपात होते आणि पहिले गीत कोणी उचलायचे हेसुद्धा कोणाला माहीत नव्हते. त्या उन्हाळ्यात अर्धी मंडळी पांगली. त्या पाळकांचा राग मला अजून आहे. माणूस वाईट नव्हता, पण मागे रिलीव्हर, म्हणजे पुढची शिफ्ट घेणारा, ठेवला नाही.

आमच्या टूलरूममध्ये शिफ्ट बदलताना जाणारा माणूस लगेच निघत नाही. येणाऱ्याचा पहिला जॉब निघेपर्यंत तो मागे उभा राहतो, पण मशीनला हात लावत नाही. मंडळीचा प्रमुख झाल्यावर मी तीच पद्धत हॉलमध्ये आणली. दर महिन्याचा पहिला रविवार शिकणाऱ्याचा; उपासना त्याने चालवायची, पाळीपाळीने. त्या दिवशी प्रमुखाने शेवटच्या बाकावर बसायचे, हात गुडघ्यावर, तोंड बंद. काय चुकले ते मंगळवारी चहावर, आणि पहिल्यांदा शिकणाऱ्यालाच विचारायचे, तुला काय वाटले?

सायली उजागरे वायरिंगच्या कंपनीत आहे. तिने उपासना चालवली त्या पहिल्या रविवारी शेवटचा आशीर्वाद द्यायचा राहिला. लोक बाहेर पडून चपला घालू लागले. विल्यमराव मोठ्याने म्हणाले, "बाई, आशीर्वाद राहिला. म्हणून मी म्हणत होतो, हे बायकांचं काम नाही."

सायली म्हणाली, "काका, एक चप्पल घातलीत ना? दुसरी तशीच राहू द्या."

आणि तिने दारात उभे राहून, रस्त्यावरच्या लोकांसकट सगळ्यांना आशीर्वाद दिला. कंपनीच्या बसचा ड्रायव्हरदेखील हॉर्न न वाजवता थांबला. विल्यमराव एका चपलेवर उभे होते. मी मागच्या बाकावर जीभ दाताखाली धरून बसलो होतो. आज सायली माझ्यापेक्षा चांगली मंडळी चालवते आणि हे मी लेखी देत आहे.

तर अट अशी. प्रमुख कोणीही असो, सलग तीन वर्षांच्या वर राहू नये, आणि मागचा बाक चुकवू नये. हे मोडले तर हॉल ट्रस्टकडून जावा आणि तिथे गावातल्या मुलांची अभ्यासिका व्हावी. माझ्यामागे पहिली प्रमुख सायली असावी, अशी मी शिफारस करतो. निवड मात्र मंडळीनेच करावी.

कलम ५. आमोसबद्दल. विल्यमराव म्हणतात, "पारख्यांच्या जागी पारखेच शोभतो." आमोसलाही ते पटते. त्याचा गळा माझ्याहून चांगला आहे, शास्त्रही पाठ आहे. पण शिकणारा चुकला की तो जागेवरून सांगतो. समाधान आपल्या पाळीत शास्त्रातले "हबक्कूक"चे पुस्तक शोधत असताना याने मोठ्याने पान सांगितले. पोरगा पुढे बोलेनासा झाला. मी आमोसचे नाव पाळीतून काढले. गेले वर्षभर तो माझ्याशी कामापुरते बोलतो.

त्याला मंडळी वारसाने मिळणार नाही. पण दार मी बंद करत नाही.

मागच्या मंगळवारी समाधानने मला विचारले, "काका, माझ्या पाळीत तुम्ही गेलात तर?"

"तर दफनविधी तू चालवायचा."

"मला नाही जमणार."

"मी असतो की मागे."

तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही पुढं असणार ना, काका."

 त्याचे उत्तर येथे देत आहे.

कलम ६. माझा दफनविधी त्या महिन्यात ज्याची पाळी असेल त्यानेच चालवावा. पुण्याहून मोठे पाळक बोलावू नयेत. तो अडखळला, चुकला, गीत खाली लागले, तरी कोणी मध्ये बोलू नये. मी तर बोलणार नाहीच, याची सर्वांना हमी देतो.

शवपेटीला पहिला खांदा आमोसचा. पेटी समोर ठेवली की त्याने आईला पहिल्या ओळीत बसवावे आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसावे, हात गुडघ्यावर ठेवून. शेवटच्या आशीर्वादापर्यंत तो गप्प राहिला, तर पुढच्या महिन्यापासून त्याचे नाव पाळीत घालावे. चालवणाऱ्याला मागे कोणीतरी बसलेले लागते. ती जागा मी दुसऱ्या कोणाला दिलेली नाही.

हा मजकूर मी वाचून पाहिला, बरोबर आहे. खाली दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे. त्यांना यातून काहीही मिळणार नाही, म्हणूनच त्यांना बोलावले. चहा मात्र दिला.

सही : शांतवन यशवंत पारखे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली आणि ज्यांनी एकमेकांसमोर सह्या केल्या :
१. ज्योतीराम बाबू येळवंडे, शेजारी, कुरुळी
२. पद्मा अनंत देशमुख, शिक्षिका, चाकण

ठिकाण : कुरुळी, हॉलमधील शेवटचा बाक
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, उपासनेनंतर