डब्यांवरचं अक्षर

अकोला, १८ नोव्हेंबर २०२४

ती. रागिणीवहिनींस सूर्यभानचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही जेवता की नाही, हे विचारायची हिंमत नाही, तरी विचारतो. दादाला अग्नी देऊन अमरावतीहून आलो आणि तसाच मामांच्या खाटेशी बसून हसलो. बायपासचे टाके अजून ओले आहेत. पोरगा अपघातात गेला हे एवढ्यात सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. मी थाप मारली की दादाची धारणीला बदली झाली, तिथे रेंज नाही. पण मामा रोज विचारतात, पोट्टा मले भेटाले काहून येऊन नाही राहिला. काल ताटच परत केलं.

वहिनी, दादाच्या नावाने दोन ओळी लिहाल का? माझं अक्षर मामा ओळखतात, आणि दादाचं मी पाहिल्याचं आठवत नाही. फक्त तुमचं ते गोल अक्षर नको. बाईचा हात लगेच कळतो. दाबून, मोठं, पुरुषासारखं लिहा. पाकीट माझ्या नावाने टाका, आतलं पत्र तेवढं मी देईन.

लोभ आहेच, तो आता आम्हाला जास्त लागणार आहे.

तुमचा सूर्यभान


अमरावती, २३ नोव्हेंबर

चि. सूर्यभान यास अ. आ.

सोबत पत्र आहे. लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं, मी यांचं अक्षर कधी पाहिलंच नाही. दोन वर्षांचा संसार. भांडलो तेही फोनवर लिहून, आणि रुसवा निघाला तोही फोनवरच. घरभर शोधलं. इंग्रजी सही तेवढी सापडली, ती म्हणजे नुसती रेघ. किराण्याची यादीसुद्धा बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात मोबाइलवर यायची. तेव्हा मी चिडायचे.

मग अंदाजाने लिहिलं. एवढा उंच माणूस, मिशा, बुलेट. अक्षरही तसंच असणार. पेन इतका दाबला की कागद फाटला. शेवटी 'तुमचा अनुप' लिहिलं आणि खूप रडले. जपून दे.

लोभ असाच राहू दे.

वहिनी


(सोबतचं पत्र)

धारणी

ती. बाबांस अनुपचा शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. इथे थंडी फार आहे आणि रस्ते तुम्हाला ठाऊकच आहेत. गोळ्या वेळेवर घ्या, सूर्यभानला त्रास देऊ नका. काम संपलं की येतो.

तुमचा अनुप


अकोला, ३० नोव्हेंबर

चि. अनुप यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. धारणीच्या गाडीवर कंडक्टर म्हणून माझी निम्मी नोकरी गेली, तिथली थंडी मला काय सांगतोस. अक्षर मात्र फौजदाराचं वाटलं. इतकं दाबून लिहू नको, बोटं दुखतील.

एक काम कर. रागिणी एकटी आहे. तिला सांग, उपाशी झोपत जाऊ नको. माहेरी अचलपूरला जावंसं वाटलं तर खुशाल जा. रंगीत साडी नेस, कोणी बोललं तर माझं नाव सांग. तू सांगितलंस तर ऐकेल.

मी आता जेवतो. उत्तर पाठव, पण तिला सवड असेल तेव्हा.

आशीर्वाद आहेतच.

बाबा


अकोला, ९ जानेवारी २०२५

चि. रागिणीस अनेक आशीर्वाद.

सूर्यभानने काल डॉक्टरांसमोर मला सगळं सांगितलं. मग मीच त्याला पाणी दिलं. मला पहिल्या पत्रापासून ठाऊक होतं, हे त्याला बोललो नाही. तुला सांगतो.

पोरी, अनुपचं अक्षर बायकी होतं. मी सदा मुक्कामाच्या गाडीवर, त्यामुळे त्याला अ-आ-इ त्याच्या आईने गिरवायला लावली. तिचाच गोलपणा, तिच्याच वेलांट्या. शाळेत पोरं मुलीचं अक्षर म्हणून चिडवायची, म्हणून कॉम्प्युटर हाती येताच त्याने पेन सोडला. सुभद्रा गेली तेव्हा मला वाटायचं, तिचं अक्षर तरी याच्या हातात शिल्लक आहे. तुझ्या पत्रातला पहिला 'ती.'च छाती काढून उभा होता. तेव्हाच समजलो, दोघंही गेली. तोंडावर पांघरूण घेतलं आणि सूर्यभानला म्हटलं, मले थंडी वाजून राहिली.

गप्प राहिलो, कारण तू पत्रं पाठवत होतीस तोवर 'चि. अनुप' लिहायला मिळत होतं. आता ते दोन शब्द कुठे लिहायचे? तुझ्या नावामागे सौ. लिहायला मात्र एकदाही हात धजला नाही.

घरच्या मसाल्याच्या डब्यांवरच्या दोन चिठ्ठ्या काढून आणवल्या, त्या पाठवतो. जिरे आणि खसखस. एक सुभद्रेने लिहिलेली, एक अनुपने. कोणती कुणाची, मला कधीच ओळखता आलं नाही. तुझ्याकडे असू दे. आणि आता तुझ्या अक्षरात लिही.

बाबा


अमरावती, १६ जानेवारी

ती. बाबांस रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

हे माझं अक्षर. बोटं दुखत नाहीत.

चिठ्ठ्या मिळाल्या. खिडकीशी धरून पाहिल्या, उलट्या करूनही पाहिल्या. यांची कोणती ते मलाही कळलं नाही. बायको असून कळलं नाही, याचं फार वाईट वाटलं. मग कोऱ्या कागदावर दोन्ही गिरवत बसले. 'खसखस' अजून माझ्याच वळणावर जाते, 'जिरे' जरा जमू लागलंय.

हात बसला की एक पत्र त्या अक्षरात लिहून पाठवेन. खोटं म्हणून नव्हे. तेवढ्या एका पत्राचं उत्तर तुम्ही चि. अनुपला लिहा.

माया आहे ती राहू द्या.

तुमची रागिणी