जेवढी जागा, तेवढाच फोटो

आई, आपल्या नर्सरीची साइट आता तीन सेकंदांत उघडते. साइट म्हणजे काय ते तुला सांगायचं तर दुकानाची अशी पाटी, जी गिऱ्हाईक आपल्या हातातल्या फोनवर पाहतं, मग ते तिगावला असो की बोरगावच्या वावरात. तू गेलीस तेव्हा यातलं काही नव्हतं, आणि मीही तेव्हा संत्र्याची कलमं विकत नव्हते. पण आज मी इतकी खुश आहे की कुणाजवळ तरी फुशारकी मारल्याशिवाय राहवणार नाही, आणि मधेच न टोकता ऐकून घेईल अशी आता तू एकटीच उरलीस.

दुपारची जेवणं झाली की आपलं पांढुर्ण्याचं स्वयंपाकघर अंधारखोली व्हायचं. खिडकीला गोधडी, दाराच्या फटीला चादर, ओट्यावर तीन ट्रे आणि वर लाल दिवा. बाबा पुढच्या दुकानात फोटो काढायचे आणि तू मागे ते कागदावर उतरवायचीस. पुरा कागद एकदम वापरायचा नाही, हा तुझा कायदा. आधी बोटभर पट्टी कापायची, तिच्यावर पायरीपायरीनं जास्त उजेड द्यायचा, धुवायची, आणि कुठल्या पायरीवर चेहरा नीट उतरतो ते पाहून मगच खरा फोटो. मला त्या पट्ट्यांचा कंटाळा यायचा. मी एकोणीस वर्षांची, मला वाटे, ही बाई कागदाचा किती कंजूषपणा करते.

मग तो सौसरचा संत्र्यांचा व्यापारी आला. नमुन्याच्या पेटीच्या झाकणावर चिकटवायला त्याला त्याच्या बगिच्याचा तळहाताएवढा फोटो हवा होता. आपल्याकडे मोठा फोटो म्हणजे मोठा मान, म्हणून मी तुला न विचारता पुऱ्या कागदावर काढला, आणि नागपूरहून आलेल्या पाकिटातला तो शेवटचा कागद होता. व्यापारी फोटो हातात धरून उभा आहे, त्याची बस सुटायची वेळ झाली आहे, बाहेर नोकरीच्या फॉर्मसाठी फोटो मागणारे तिघं ताटकळले आहेत. तू माझ्याकडे पाहतेस. "काहून वं, हा पेटीवर लावाचा हाय का पेटीच याच्यात गुंडाळाची हाय?" व्यापारी हसला. तू कात्री घेतलीस, माझ्या फोटोचा मधला तुकडा त्याला कापून दिलास आणि म्हणालीस, "जेवढी जागा, तेवढाच फोटो. कागद तं गेलाच, मानूसही वाट पाहून निघून जाते." बाहेरचे तिघं खरंच निघून गेले होते. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही, आणि खरं सांगते, राग त्याहून पुष्कळ जास्त दिवस टिकला.

आता या वर्षीचं ऐक. भाचीनं, म्हणजे तुझ्या नातीनं, साइट बनवून दिली आणि फोटो मी चढवले. कलमांचे, वाफ्यांचे, शिवाय उघडताच आपोआप सुरू होणारा बगिच्याचा लांबलचक व्हिडिओ. फोनमधून निघाले तसेच सगळे, एकेक भलामोठा, कारण माझ्या डोक्यात तोच जुना मान. पाऊस तोंडावर आला तरी वाफे भरलेलेच. कलम वेळेत गेलं नाही तर पिशवीतच त्याच्या मुळ्यांचा गुंता होतो आणि पुढच्या साली त्याला कोणी विचारत नाही. तिगावकडच्या एका शेतकऱ्यानं फोन करून सुनावलं, "बाई, तुमचं ते चक्कर फिरूनच राहिलं. वावरात रेंज नाही, म्या किती वेळ पाहू?" भाची म्हणाली, "मावशी, सारे फोटोच काढून टाकू. नावं अन् भाव ठेवू." मी म्हटलं, "सांधा पाहिल्याबिगर कलम कोण घेते वं?" जंबेरी लिंबाच्या खुंटावर भरलेला संत्र्याचा डोळा जिथं जुळतो तो सांधा, तोच तर गिऱ्हाईक आधी पाहतं.

त्या दुपारी मी दार लावून बसले. साइटवर फोटोची चौकट तळहाताएवढी, आणि मी तिच्यात भिंतीएवढा फोटो कोंबत होते. आधी प्रत्येक फोटोतल्या बादल्या आणि मजुरांचे पाय कापले. मग फोटो चौकटीएवढाच केला. मग फाइलचं वजन कमी करायला लागले, एक पायरी, दोन, तीन, आणि दर वेळी सांधा दिसतो का ते पाहायचं. पुसट झाला की एक पायरी मागे. हात आपोआप चालत होते, आई! व्हिडिओच्या जागी एक साधा फोटो ठेवला, कुणी बोट लावलं तरच व्हिडिओ चालणार. आणि खालचे फोटो पाहणारा तिथपर्यंत पोचेल तेव्हाच येतील, तेवढं भाचीनं करून दिलं. संध्याकाळी मीच त्या शेतकऱ्याला फोन लावला. "आता पाहा." पलीकडून तो ओरडलाच, "अरे बाप्पा! पट्टकन उघडलं! सांधा साफ दिसून राहिला. माझे पाचशे बाजूला ठेवा, बाई." मी अंगणात जाऊन एकटीच टाळ्या वाजवल्या. पोळ्यापर्यंत सगळे वाफे रिकामे झाले.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकू तरी कुठे. पण एक गोष्ट कबूल करायची आहे. भाचीनं डोळे मोठे करून विचारलं, "मावशी, हे कुठं शिकली तू?" तुझं नाव अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "कुठं म्हणजे? आपल्याच डोक्यानं." सगळी शाबासकी एकटीनं खाल्ली, आई, आणि फार गोड लागली.