वन्सं, तुमची होडी परत फिरवली त्याबद्दल

आदरणीय वन्सं,

नमस्कार. तिकडे तब्येत बरी असेल; नसली तरी तुम्ही नर्स, औषध हाताशी आहे. इकडे सगळे खुशाल असं लिहायची रीत आहे, पण तुमच्या भावाला पाच दिवस ताप आहे आणि धाप लागते, तेव्हा रीत राहू दे.

रजेवरून येताना तुमची होडी धक्क्यावरून हाकलली, त्यात काठी घेऊन पुढे मीच होते. (तोंडाला फडकं बांधलं तरी माझा आवाज लपतोय कुठे, तुम्ही ओळखलंतच.) साथीत बाहेरचं कुणी नको असं बेटानं ठरवलं, आणि बेटावरची एकुलती एक नर्सच बाहेरची झाली. अक्कल सगळ्यांनीच गहाण टाकलेली, माझी आधी. त्याच दुपारी बंदी समितीच्या अध्यक्षानं आपला जावई मागच्या खडकांवरून उतरवून घेतला, टीव्हीसकट. जाब विचारला तर म्हणे, "अहो काकू, जावई काय बाहेरचा असतो?" टीव्ही बघायला अर्धं बेट त्याच्या घरात, आणि आठ दिवसांत अकरा जण अंथरुणात. ताप मात्र कुणालाच नाही! एकाला ऊन लागलंय, एकाला वारं बाधलंय, सुतार म्हणतो कामानं दमलोय. (जन्मात पहिल्यांदा.)

पलीकडच्या आरोग्य ऑफिसातल्या साहेबाचा दवाखान्यात फोन आला, आजाऱ्यांच्या संपर्कातल्या लोकांची यादी पाठवा. मी मतदार यादीच पाठवली. एक नळ, एक दुकान, सगळे एकमेकांचे मामे-चुलत. मेलेले दोघं तेवढे खोडले. साहेब म्हणे, बाई, थट्टा करता का? आणि प्रत्येक आजाऱ्याला वेगळी खोली द्या. आमची खोली एक, माणसं सहा. ह्यांना दाराशी झोपवलंय, आम्ही ओलांडून जातो.

दवाखान्याची किल्ली माझ्याकडेच, झाडते ना मी. आत ऑक्सिजनची टाकी आहे, पण ती उघडायची कशी कुणाला ठाऊक नाही. लोहाराला बोलावलं तर मेला घण घेऊन आला.

राग असेल तर इथे येऊन काढा, मी ऐकून घेईन.

तुमची वहिनी

ता. क. पत्र किराणा आणणाऱ्या होडीवाल्याजवळ देतेय. त्याच्याच होडीनं लगेच या. धक्क्यावर कोण अडवतो ते मी बघते.

आणखी एक. तुम्ही उतरलात की आधी कुणाला बघायचं यावरून जुंपणार. अध्यक्षाच्या म्हाताऱ्या आईला आधी बघा, तिला जास्त आहे, असं मी चारचौघांत म्हणेन. खरंच जास्त आहे. तुम्ही ऐकू नका. आधी आपल्या घरी या.