घर निमिषचं, तपासणीनंतर

मी, मीनाक्षी मनोहर टिल्लू, वय त्र्याहत्तर, राहणार ट्रॉय, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी ताळ्यावर आहे. कोणाचा दबाव नाही. भीती आहे, पण ती माझ्या मरणाची नाही.

१. बँकेतली शिल्लक माझ्या क्रियाकर्मानंतर उरेल ती सून ऋता हिला. माझे दागिनेही तिलाच. तिने ते मोडले तरी माझी हरकत नाही.

२. पितळी खलबत्ता धाकटे दीर बाळभावजी यांना. माझ्या तिबेटी औषधाच्या गोळ्यांना ते चारचौघांत शेळीच्या लेंड्या म्हणत आणि गुडघे धरले की त्याच गोळ्या गुपचूप मागून नेत. आता स्वतः कुटून घ्याव्यात.

३. तिबेटी वैद्यकावरची माझी पुस्तकं वैद्य लोबसांग यांना. ते महिन्यातून एकदा ॲन आर्बरला येतात. मला झोप लागेना म्हणून गेले होते. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून त्यांनी नाडी बघितली. मग औषधाचं नाव न काढता विचारलं, जेवता कोणाबरोबर? एकटी, म्हटलं. त्यांच्या शास्त्रात आधी आहार, मग वागणं-राहणं, औषध त्यानंतर. गरम जेवा, तूप घ्या, आणि आपल्या माणसांत बसून जेवा, असं सांगितलं. तेव्हापासून निमिष आणि ऋता दर रविवारी येतात.

४. राहतं घर मुलगा निमिष याला, एका अटीवर. त्याने हृदयाची पूर्ण तपासणी करून घ्यावी आणि तसा दाखला वकिलांना द्यावा.

कारण लिहिते. किराणा वर आणताना तो जिन्यात थांबतो आणि फोन बघितल्यासारखं करतो. हे, निमिषचे वडील, कंपनीच्या पार्किंगमध्ये कोसळून गेले तेव्हा बावन्न वर्षांचे होते. निमिषला मार्चमध्ये बावन्न पूर्ण होतील. जवळच्या नातेवाइकाच्या नाडीवरून रोग्याचं दुखणं कळतं, असं तिबेटी ग्रंथांत असल्याचं मी वाचलं होतं. म्हणून वैद्यांपुढे हात केला आणि म्हटलं, माझ्या मुलाचं बघा. त्यांनी बोटं उचलली.

"माँजी, ग्रंथात आहे ते खरं, पण मी तेवढा मोठा नाही. तुमच्या नाडीत मला काळजी दिसते. ज्याची काळजी आहे, त्याला हॉस्पिटलात पाठवा."

निमिषला सांगितलं, तर हसला. "आई, आय ॲम फाइन. माझा पल्स तुझ्या हातात आहे का? हा प्रोजेक्ट संपू दे, मग अपॉइंटमेंट घेतो." यांच्या कंपनीचंही तेव्हा गाडीचं नवं मॉडेल बाहेर पडायचं होतं.

५. तपासणी झाली नाही, तर घर एकट्या ऋताच्या नावे व्हावं. मी एकटी उरले तेव्हा डोक्यावर छप्पर तरी माझं होतं. तिचंही असावं.

निमिष याला धमकी म्हणेल. धमकीच आहे.

६. हा कागद माझ्या मागे उघडण्यासाठी नाही. आज रविवार आहे. भात कुकरला लावून मी सही करत आहे. निमिष जेवायला बसला की कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवीन. त्याने वाचल्याशिवाय वाढणार नाही.

सही: मीनाक्षी मनोहर टिल्लू

आमच्यासमोर सही झाली:
श्रीरंग वाकणकर, शेजारी
पद्मिनी वाकणकर, शेजारी

ट्रॉय, मिशिगन
४ नोव्हेंबर २००७