सासूबाईंच्या खोलीवर सात घाव

३ मे
मंडळाच्या फुकट इंटिरियर वर्गात बाईंनी शिकवलं, कुठल्याही खोलीत सात गोष्टी ओळखायच्या. जागा, रेषा, आकार, उजेड, रंग, पोत, नक्षी. सासूबाई आठ वर्षं धाकट्या जावेकडे आहेत. वीस तारखेला येऊन ठरवणार, पुढचं आयुष्य तिच्याकडे की आमच्याकडे. मला हेवा नाही, देव जाणतो. फक्त तिची खोली हरली पाहिजे.

५ मे
मागच्या खोलीत जागा ओळखायला गेले. जागाच नाही. दोष कपाटाचा. हे म्हणाले, अगं सुतार बोलाव. सुतार कशाला, हात काय मोडलेत? कुऱ्हाड घेतली. चौथ्या घावाला आरसा गेला, सातव्याला ह्यांच्या पायाचा अंगठा. मध्ये कोणी उभं राहायला सांगितलं होतं?

८ मे
उभ्या रेषांनी छत उंच दिसतं. जुन्या साड्यांच्या पट्ट्या भिंतीला ठोकल्या. बारावा खिळा पाण्याच्या पाइपात. पाइपाला हातोडीने धडा शिकवला. एकाचे दोन फवारे झाले.

९ मे, दुपार
जाऊ डोकावली. म्हणते, ताई, खोली सजवताय की खोलीचा मुडदा पाडताय? माझ्या हातून हातोडी निसटली. तिच्या कपाळाला तीन टाके. निसटलेल्या वस्तूचं पाप लागत नाही. तरी एक माळ जास्त जपली.

१२ मे
उजेडासाठी खिडकीची जाळी उपटली. चौकटही आली. आता उजेडाचा आकारही दिसतो.

१५ मे
माळ्यावरचे उरलेसुरले चार रंग एका बादलीत, पोतासाठी वर दोन ओंजळी वाळू. रक्तासारखा लाल निघाला. ओघळ आले, म्हणजे नक्षी आयतीच. हे लंगडत आले, म्हणाले, इथे कोणाला कापलंस? ह्यांना कला कळत नाही.

२० मे
सासूबाई उंबऱ्यातच थांबल्या. जाऊ कपाळावर पट्टी बांधून मागे. मी सातही गोष्टी दाखवल्या. पोत कळावा म्हणून सासूबाईंचा हात धरून भिंतीवर घासला. तळवा सोलला. त्या म्हणाल्या, थोरले, फार कष्ट उपसलेस गं. मी वाकून नमस्कार केला. जिंकले!
मग म्हणाल्या, धाकटीकडे आणखी एक खाट मावते, माझ्या मुलालाही नेते. हे बॅग भरून तयारच होते. अंगठा बरा होईपर्यंत, म्हणाले. कुठला अंगठा कुठल्या घरात बरा होतो, ते मी विचारलं नाही.
तिघांचा स्वयंपाक झाकून ठेवलाय. उद्या चूल पेटवायला नको.