घाटाच्या पडद्यावरील नाव

मी, प्रभंजन विठ्ठल नरगुंदकर, वय एकसष्ट, राहणार हुबळी, पूर्वी रेल्वे कारखान्याच्या नकाशा खात्यात नोकरीस व आता घरी, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझी शुद्ध शाबूत आहे. याला डॉक्टर व पत्नी या दोघांचा दुजोरा आहे; पैकी पत्नीचा सहजी मिळत नाही, हे वाचणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

कलम पहिले. राहते घर व फंडाची शिल्लक पत्नी सौ. अनसूया हिची. तिच्या पश्चात मुलगी यमुना, जी धारवाडास मुलींच्या शाळेत शिक्षिका आहे, तिची. यात वाद होण्यासारखे काही नाही. वाद पुढे आहे.

कलम दुसरे. निवृत्तीच्या समारंभात मिळालेले भिंतीवरचे घड्याळ हेडक्लार्क राघवेंद्रराव यांस द्यावे. मी दिवसा रेल्वेचे नकाशे काढी व उरलेल्या वेळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवी. उरलेला वेळ म्हणजे सकाळी भोंग्याच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर. राघवेंद्ररावांना अडलेले काम नेमके पाच वाजायच्या बेतात आठवे. घड्याळ रोज मागे पडते. त्यांना ते मानवेल.

कलम तिसरे. सरस शिजवण्याचे पातेले मेहुणा मधुकर यास. पडद्याच्या रंगात चिकटीसाठी सरस घालावा लागतो आणि तो शिजताना घाण वास येतो. मधुकर नाक धरून म्हणे, "भावोजी, पक्की नोकरी असताना हे रंगाऱ्याचं काम कशाला?" मी सरस ढवळत राही; उत्तर इथे लिहितो. कारखान्यात मी काढलेली रेघ दुसऱ्याच्या मापाची असे. पडद्यावरची माझी असे. एवढेच. पातेले घासून देऊ नये.

कलम चौथे, गंगेच्या घाटाच्या पडद्याविषयी. हा पडदा मी अप्पाजी कंपनीवाले यांच्यासाठी रंगवला. बोलपटांपायी कंपनी बसली, तेव्हा अप्पाजींनी तो घरी आणून दिला. "अण्णा, तुमचं तुमच्याजवळ असू द्या," म्हणाले. परंतु त्याच्या कोपऱ्यात माझे नाव नाही, 'सौ. अनसूयाबाई' असे आहे. रेल्वेच्या नोकराला दुसरा धंदा करण्यास मनाई होती, म्हणून प्रत्येक पडद्यावर मी पत्नीचे नाव घाली. तिने तोवर अंगणातल्या रांगोळीपलीकडे रंगाला हात लावला नव्हता.

ही युक्ती एकदा अंगाशी येता येता राहिली. राजवाड्याचा पडदा रंगवताना हात सवयीने चालला आणि विदर्भाच्या राजाच्या डोक्यावर आमच्या डबेदुरुस्तीच्या शेडचे लोखंडी छत बसले, रिव्हेटांसकट. मला ते दिसलेच नाही. पहिल्या खेळाला आमचे साहेब पाहुणे म्हणून आले होते. त्यांना दिसले.

"नरगुंदकर, हे छत आपले आहे. कोणी काढले?"

नोकरी जाते की राहते, अशी वेळ. मी म्हणालो, "माझ्या पत्नीने, साहेब."

"त्यांनी आपली शेड कधी पाहिली?"

"माझा डबा घेऊन येते."

तेवढ्यात अप्पाजींनी चित्रकाराला रंगमंचावर बोलावले. बायकांच्या बाजूने अनसूया उठली, पदर सावरत वर गेली, इरकली लुगडे व नारळ घेऊन, नमस्कार करून खाली आली. साहेबांनी जोरात टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून सांगितले, की छताला एक तिरपा दांडा कमी आहे, पत्नीला कळवा. मी कळवले.

ती मात्र गप्प बसली नाही. म्हणाली, "लुगडं तर घेऊन बसले आहे. आता काम केल्याशिवाय नेसू कसं?" आणि पहाटे माझ्याबरोबर कापसाच्या वखारीत आली. पावसाळ्यात वखार रिकामी असते. पडदे तिथेच जमिनीवर पसरून रंगवीत असे. पदर खोचून तिने माझी नदी पाहिली. "अहो, ही चढावर चालली आहे की!" चालली होती. तिने ती खाली आणली. त्यानंतरच्या पडद्यांवरचे सगळे पाणी तिचे आहे. घाटाच्या पडद्यावरचे तर असे, की पुढे बसलेल्या बायका पाय आखडून घेत.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी मी कुंचला घेऊन त्या पडद्यावरचे नाव बदलायला बसलो. साऱ्या नोकरीभर त्या दिवसाची वाट पाहिली होती. अनसूया म्हणाली, "खोडा की. मग पाणीही खोडा." मी कुंचला धुऊन ठेवला. पडदा गुंडाळून माजघरात गेला. जेवणे वेळेवर होत राहिली. मला वाईट वाटले, ते इथे लिहितो. लोकांनी तिला ओळखले याचे नव्हे. मला कोणीच ओळखले नाही याचे.

कलम पाचवे. पडदा यमुनेच्या शाळेला, मुलींच्या नाटकांसाठी द्यावा. तत्पूर्वी अनसूयेच्या नावाखाली, बारीक अक्षरात, माझे नाव घालावे. मी मेल्यावर रेल्वेला हरकत घेता येणार नाही.

पुरवणी, त्याच दिवशी. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवत असता अनसूया स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती बाहेर आली. मी समजावू लागलो, तर म्हणाली, "सुम्म कुंद्री!" म्हणजे गप्प बसा. "मेल्यावर कशाला? आणि पाण्यात नको. आकाश तुमचं आहे, तिथं लिहू." साक्षीला आलेले अप्पाजी म्हणाले, "होय री अण्णा, आकाश भारीच हाय." मग साक्षीदारांनी पडदा उचलून अंगणात पसरला.

सबब पाचव्या कलमातील नावाविषयीचा भाग रद्द समजावा. नाव आज घातले. अक्षर तिचे आहे. तिने माझ्या नावाआधी लावलेला 'श्री' थोडा वाकडा आला आहे. तो कोणी दुरुस्त करू नये.

सही: प्रभंजन विठ्ठल नरगुंदकर

आमच्यासमक्ष सही केली व पडदाही आमच्यासमक्ष उलगडला:
१. डॉ. वसंत हुईलगोळकर
२. अप्पाजी, कंपनीवाले (सहीस निळा रंग लागला आहे, तो पडद्याचा)

मुक्काम हुबळी, ता. ७ नोव्हेंबर १९४३